ओआर शिकवायचं कसं: हाताने टेबलं, एक्सेलचा सॉल्व्हर की पायथॉन?

पुढच्या सेमिस्टरला ऑपरेशन्स रिसर्चचा (ओआर, म्हणजे हातात आहे त्या साधनांत जास्तीत जास्त फायदा कसा काढायचा याचं गणित) पेपर तुमच्याकडे आलाय आणि फळ्यावर सिम्प्लेक्सची (असं गणित पायरी-पायरीनं सोडवायची पद्धत) टेबलं करायची, एक्सेलचा सॉल्व्हर (तेच गणित स्वतः सोडवणारं अ‍ॅड-इन) दाखवायचा की सरळ पायथॉन घ्यायचं हे ठरत नसेल तर वाचा, मी मराठवाड्यातल्या कॉलेजात बीसीए आणि एमएस्सीच्या पोरांना तिन्ही प्रकारे शिकवून बघितलंय.

आधी हाताने. परीक्षेत हेच विचारतात, त्यामुळे याला सुट्टी नाही. डँट्झिगने १९४७ मधे सिम्प्लेक्स काढली आणि ती शक्य उत्तरांच्या भागाच्या एका कोपऱ्यावरून दुसऱ्या, जास्त फायद्याच्या कोपऱ्यावर कशी सरकते हे ग्राफ पेपरवर दोन व्हेरिएबलचं गणित काढल्याशिवाय डोक्यात बसतच नाही. पण चार व्हेरिएबलचं बिग एम (सिम्प्लेक्सचाच जास्त किचकट प्रकार) घेतलं की संपलं, तिसऱ्या टेबलात कुठंतरी अपूर्णांक चुकतो, पुढचं सगळं चुकतं, आणि पोरगं गणित कशाचं होतं हेच विसरून जातं. माझे पहिल्या वर्षी दोन आठवडे यातच गेले. पोरांना की कॉलम, की रो, रेशो सगळं पाठ, पण उत्तर आल्यावर x1 म्हणजे काय विचारलं की वर्ग गप्प. ते मला फार लागलं, म्हणून दुसऱ्या वर्षी सॉल्व्हर घेतला.

एक उदाहरण सांगतो, आकडे सोयीसाठी धरलेत. दहा एकर रान, हातात २ लाख ६० हजार रुपये. सोयाबीनला एकरी २० हजार खर्च, खर्च वजा जाता १५ हजार उरतात. कापसाला एकरी ३२ हजार खर्च, उरतात २२ हजार. सगळ्या वर्गाचं म्हणणं एकच, कापूसच लावा सर. पण सगळा कापूस लावला तर पैसा सव्वाआठ एकरांच्या आतच संपतो, बाकी रान पडीक, आणि हाती येतात १ लाख ७८ हजार ७५०. सॉल्व्हर सांगतो पाच एकर सोयाबीन, पाच एकर कापूस, १ लाख ८५ हजार. इथपर्यंत ग्राफवरही येतं. खरी मजा सेन्सिटिव्हिटी रिपोर्टमधे (आकडे बदलले तर उत्तर किती बदलतं ते सांगणारा) आहे, तिथं जमिनीची शॅडो प्राइस, म्हणजे आणखी एक एकर मिळालं तर वाढणारा फायदा, येते ३,३३३ रुपये. मागच्या बाकावरचा एक पोरगा, जो कधी तोंड उघडत नव्हता, तो म्हणाला, सर, मग शेजारचं एक एकर ठोक्यानं मिळत असंल आन् ठोका पीक निघाल्यावर द्यायचा असंल तर ३,३३३ च्या वर द्यायला परवडत नाही ना? बरोबर! मग पुढचा प्रश्न त्यानंच काढला, जमीन वाढली तर कापूस कमी कामून होतो? कारण पैसा तेवढाच आहे, जादा एकरात सोयाबीन घालायची तर कापसातून पैसा काढावा लागतो, कापूस पाचावरून सव्वातीन एकरांच्या जवळ येतो. ड्युअलचा, म्हणजे प्रत्येक साधनाची अशी किंमत काढायचा, अख्खा चॅप्टर त्या एका तासात झाला, आणि हे हाताने टेबलं करत बसलो असतो तर तिथपर्यंत पोचलोच नसतो.

सॉल्व्हरच्या अडचणीही आहेत. २०० च्या वर व्हेरिएबल घेत नाही, मोबाइलवरच्या एक्सेलमधे तो नाहीच, आणि आपल्याकडं निम्म्या पोरांकडं फक्त मोबाइल असतो, म्हणजे लॅबचाच भरवसा. लॅबमधे एक्सेल नसेल तर लिबरऑफिस कॅल्क फुकट आहे, त्यातही सॉल्व्हर आहे. इंटिजर कंडिशन (उत्तर पूर्णांकातच हवं) टाकली की एक्सेल सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट देत नाही, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पोरं घाबरतात.

पायथॉनचं माझं मत स्पष्ट आहे, एमसीए किंवा प्रोग्रामिंग झालेल्या वर्गालाच. पल्प (PuLP) ही असली गणितं सोडवणारी पायथॉनची लायब्ररी फुकट आहे, गूगल कोलॅबवर (ब्राउझरमधे पायथॉन चालवायची सोय) चालते, मोठं गणित असेल तर तीच बरी. एप्रिल २०१६ मधे मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, एकेकीत ५० हजार लिटर. हे पोरांना ठाऊक असतं म्हणून मी ट्रान्सपोर्टेशन (कुठून कुठं किती पाठवलं तर खर्च कमी, हे गणित) तिथूनच सुरू करतो, स्टेशनवर पाच लाख लिटर उतरलं, आता कुठल्या टाकीवरून कुठल्या भागात किती टँकर पाठवायचे. तीन टाक्या चार भाग असतील तर व्होगेलची मेथड (ट्रान्सपोर्टेशनचं सुरुवातीचं उत्तर काढायची रीत) हाताने छान जमते. पण तीस टाक्या आणि दीडशे भाग म्हटलं की ४,५०० व्हेरिएबल होतात, तिथं पल्पमधे लूप लिहून दहा-पंधरा ओळीत काम होतं. बीसीएच्या पहिल्या बॅचला हेच दिलं तर मात्र अर्धा तास ओळीआधीची स्पेस कुठं चुकली ते शोधण्यात गेला, कोलॅब मोबाइलवर उघडतं खरं पण त्यावर कोड टाइप करणं लई जिकिरीचं.

म्हणून बीए, बीकॉम, बीबीए, बीसीएवाल्यांना माझ्या मते ग्राफ आणि एकच पूर्ण सिम्प्लेक्स हाताने, असाइनमेंटची (कुणाला कुठलं काम द्यायचं या गणिताची) हंगेरियन मेथड हाताने कारण ती पटकन होते, बाकी सगळा वेळ सॉल्व्हर. परीक्षेची टेबलं शेवटचे तीन आठवडे घोटून घ्या, तोवर गणित समजलेलं असतं म्हणून ती लवकर बसतात. आणि पहिल्या प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी लॅबमधे जाऊन प्रत्येक पीसीवर ऑप्शन्समधून सॉल्व्हरचं अ‍ॅड-इन चालू करून ठेवा, ते आपोआप दिसत नाही, माझा पहिला अख्खा तास त्यातच गेला होता.