ऑफशोअर लीक्स डेटाबेस : फुकट आहे, पण डोकं ठेवून वापरा

आयसीआयजे म्हणजे शोधपत्रकारांची आंतरराष्ट्रीय संघटना, तिच्या या साइटचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं पण उघडून बघितलेली फार कमी, म्हणून लिहितोय. पनामा, पॅराडाइज, पँडोरा वगैरे लीक्समधल्या, म्हणजे फुटलेल्या गुप्त कागदपत्रांतल्या, ८ लाखांवर परदेशी कंपन्या नि ट्रस्ट एकाच सर्चमध्ये. पैसे नाहीत, लॉगिन नाही, फक्त अटी वाचल्या म्हणून टिक करायचं.

हा माल जमला कसा ते भारी आहे. पनामा लीकचंच बघा, परदेशी कंपन्या काढून देणाऱ्या मोसॅक फोन्सेका या पनामातल्या लॉ फर्मची १ कोटी १५ लाख कागदपत्रं हाती लागली म्युनिकच्या एका पेपरच्या, झ्युडडॉइचे त्सायटुंगच्या. एक्स्क्लुझिव्ह म्हणून दाबून बसता आलं असतं की, पण त्यांनी आयसीआयजेमार्फत शंभरेक मीडिया हाऊसना वाटून टाकली, ३७० च्या वर पत्रकार महिनोन्महिने त्यात खोदत होते आणि एप्रिल २०१६ मध्ये सगळ्यांनी ठरलेल्या वेळीच फोडली. भारताची बाजू इंडियन एक्स्प्रेसने सांभाळली. पाच मिनिटं आधी ब्रेकिंग चालवण्यासाठी जीव टाकणाऱ्या धंद्यात एवढी तोंडं इतके दिवस बंद राहिली याचंच मला जास्त कौतुक! तिकडे यात नाव आलेल्या आइसलँडच्या पंतप्रधानांना दोनच दिवसांत खुर्ची सोडावी लागली.

साइटवर सगळ्यात बेस्ट म्हणजे ग्राफ. कंपनी उघडली की डायरेक्टर, शेअरहोल्डर, मधला एजंट, पत्ता सगळे रेषांनी जोडलेले दिसतात, मग पत्त्यावर क्लिक करा, तिथल्या बाकीच्या कंपन्या बघा, त्यातून तिसरीच निघते, रात्री जेवण झाल्यावर उघडू नका एवढंच सांगतो.

आता सगळेच आधी स्वतःचं आडनाव टाकून बघतात, त्यात काही नाही, पण कुणी देशपांडे नि कुलकर्णी सापडले म्हणून स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकू नका राव. एका नावाची छप्पन माणसं असतात, आणि परदेशात कंपनी असणं म्हणजे चोरीच असं नाही, हे साइटवरच लिहिलंय. मूळ ईमेल, पासपोर्ट, बँकेचे व्यवहार यात नाहीत, ते मुद्दामच बाहेर ठेवलेत आणि बरंच केलं. शिवाय डेटा जुना, पनामाचा २०१५ पर्यंतचाच, त्यानंतर कंपनी बंद झाली की विकली ते इथे कळणार नाही.

टाइमपासला चार स्टार. पत्रकारिता शिकणाऱ्यांना मात्र पाच, कारण सगळा डेटा डाउनलोड करता येतो, एक्सेलची थोडी सवय हवी.