कापून रंगवलेल्या स्प्रिंगा मला ‘आयबाख’ म्हणून विकल्या

52,200 रुपये. घरी अजून हा आकडा सांगितलेला नाही, पण इथे सांगतो, म्हणजे पुढचा तरी वाचेल.

माझी 2014 ची पोलो जीटी टीएसआय, 105 पीएसची. बारा वर्षं गाडी चालवतोय, स्प्रिंग आणि शॉकअपमधला फरक मला कळतो. मी स्वस्तातला चायना माल शोधत नव्हतो. गाडी फार खाली बसवायची नाही, साधारण 30 मिमी, वळणावर कमी झुकावी एवढंच हवं होतं. आयबाख या जर्मन कंपनीचं प्रो-किट, म्हणजे गाडी थोडी खाली बसवणाऱ्या चार स्प्रिंगांचा सेट, घ्यायचं ठरलं होतं. एका दुकानात 32,000 सांगितले. या माणसाच्या जाहिरातीत 20,000 होते, ‘न वापरलेला सेट, गाडी विकल्यामुळे देतोय’. त्याने जर्मनीतल्या टीयूव्ही या तपासणी संस्थेच्या प्रमाणपत्राचा फोटोही पाठवला. कागद जर्मन भाषेत होता. त्यावर गाडीचं कोणतं मॉडेल आहे ते वाचायचे कष्ट मी घेतले नाहीत. तुम्ही घ्या.

5,000 यूपीआयने आगाऊ दिले. ‘बिल हवं तर जीएसटी वेगळा लागेल’ म्हणाला, म्हणून बिलही घेतलं नाही. भोसरीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये त्याच्याच ओळखीच्या मेकॅनिकने काम केलं. जुन्या स्प्रिंगा त्याने 1,500 ला ठेवून घेतल्या, उरलेले 13,500 रोख. फिटिंग 3,500, अलाइनमेंट 1,200.

ज्या क्षणी थांबायला हवं होतं तो क्षण रात्री झोपू देत नाही. शेडमधल्या पोराने पुढची स्प्रिंग माझ्या हातात दिली. शेवटच्या वेढ्याच्या टोकाला रंगाखाली ग्राइंडरची धार बोटाला लागली. खऱ्या स्प्रिंगच्या वेढ्यावरच कंपनीचं नाव आणि पार्ट नंबर छापलेला असतो. इथे स्टिकर होता. मी विचारलं, ‘हे टोक असं का?’ तो म्हणाला, ‘पावडर कोटिंगचा थर आहे, साहेब.’ आणि मी मान डोलावली! तोवर एका बाजूचा शॉकअप सुटा झाला होता, गाडी जॅकवर होती, बाहेर पाऊस कोसळत होता. त्या अवस्थेत ‘सगळं परत बसव’ म्हणायला जी हिंमत लागते, ती माझ्यात नव्हती. निघताना मी खोका मागितला, तर म्हणे ‘रिकामा खोका घरी नेऊन काय करणार, साहेब?’ तोही सोडून दिला.

एकोणिसाव्या दिवशी बोपदेव घाटात खड्ड्यावरून गाडी उचलली गेली आणि पुढून ठक्क आवाज आला. दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडी जॅकवर घेतली. चाक लोंबकळताच स्प्रिंग ती बसते त्या वाटीत सैल झाली, हाताने फिरत होती. बरोबर बनवलेली लोअरिंग (गाडी खाली बसवणारी) स्प्रिंग चाक पूर्ण खाली गेलं तरी दाबातच राहते. मेकॅनिकने रंग खरवडला, तर खाली कारखान्यात मारलेले ओळखीचे रंगीत ठिपके निघाले. कुणाच्या तरी पोलोच्या मूळ स्प्रिंगा होत्या त्या, वेढा कापलेल्या. वेढा कमी झाला की स्प्रिंग आखूड होते आणि कडकही होते, म्हणून पहिले काही दिवस मला ती ‘स्पोर्टी’ वाटली. पुढचे दोन्ही शॉकअप गळत होते. कंपनीच्या नव्या स्प्रिंगा 11,600, शॉकअपची जोडी 13,400, मजुरी 4,000. माझ्या जुन्या स्प्रिंगा चांगल्या होत्या, त्या मीच त्याला देऊन आलो होतो.

काढलेल्या वस्तू कुणालाही देऊ नका. डिकीत टाका, माळ्यावर टाका.

चौकीत गेलो. पहिल्या दिवशी ‘साहेब बंदोबस्ताला आहेत’. दुसऱ्या दिवशी ‘माल मिळाला ना तुम्हाला? मग ही दिवाणी बाब’. मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 दाखवलं, तर हवालदाराने मोटार वाहन कायद्याचं कलम 52 काढलं: गाडीत बदल केलाच कशाला, आरटीओला कळवलं तर दंड तुम्हालाच. गाडीतल्या बदलाबद्दल मला काय ते विचारा, मी उत्तर देईन. पण म्हणून नकली माल विकणाऱ्याला मोकळं सोडायचं? घाटात स्प्रिंग वाटीतून निसटली असती, तर समोरून येणाऱ्यालाही हेच सांगणार होते का? तिथून मला दुसऱ्या कार्यालयात पाठवलं, त्यांनी पक्कं बिल मागितलं, बिल नाही म्हटल्यावर पुन्हा चौकीत. चार रजा गेल्या. अर्जाची पोचसुद्धा तिसऱ्या खेपेला भांडून घ्यावी लागली. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. व्यवहार पाच लाखांच्या आतला असेल तर तिथे तक्रारीला फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. माझ्याकडे पुरावा म्हणून 5,000 ची यूपीआय नोंद, चॅट आणि त्या चार स्प्रिंगा आहेत. 13,500 रोख दिल्याचा एक चिठोराही नाही. रोख देऊ नका, कितीही घाई केली तरी.

त्या माणसाचा नंबर बंद आहे. परवा दुसऱ्या नावाने जाहिरात दिसली, ‘पोलोसाठी प्रो-किट, न वापरलेला सेट, 20,000’. फोटोत तोच खोका आहे, उजवा कोपरा फाटलेला.