रेनजॅकेटवर नवा जलरोधक थर: भिजवून की फवारून?

नायलॉन-पॉलिएस्टरचं चांगलं रेनजॅकेट काही पावसाळ्यांनंतर पाणी प्यायला लागतं. बहुतेक वेळा आतलं मेंब्रेन, म्हणजे पाणी अडवून वाफ बाहेर सोडणारा पातळ पडदा, शाबूत असतं, झिजलेला असतो तो वरच्या कापडावरचा पाणी झटकणारा थर. कापड भिजलं की घामाची वाफ आत कोंडते आणि जॅकेट गळतंय असं वाटतं. अशा वेळी नवं घेण्याआधी थर पुन्हा चढवून बघावा. त्यासाठी दोन प्रकार मिळतात: पाण्यात मिसळून जॅकेट बुडवायचं द्रावण आणि वरून मारायचा स्प्रे. मी दोन्ही वापरले आहेत.

भिजवण्यात थर सगळीकडे सारखा बसतो. शिवणी, टोपीची कड, काखेतल्या चुण्या, काही सुटत नाही. बिनअस्तराच्या जॅकेटला मी हेच सुचवेन.

अडचण येते ती जाळीच्या अस्तराची. अस्तरानं घाम टिपून पसरवायचा असतो, पण भिजवलं की तेही पाणी झटकू लागतं. जुलैत कोंढाणे लेण्यांवरून राजमाची चढताना हवा आधीच दमट. त्यात घाम अस्तरात न शिरता पाठीवरून ओघळत राहतो आणि बाह्या कोपराला चिकटतात. बाहेरून एक थेंब आत येत नाही, तरी माणूस चिंब. थंड प्रदेशात हे कदाचित जाणवणारही नाही. सह्याद्रीत मला ते सहन झालं नाही.

स्प्रे फक्त बाहेरून बसतो, अस्तर तसंच राहतं. हात नीट फिरवला नाही तर जागा सुटतात, हे खरं. बाटलीही लवकर संपते.

टिकाऊपणाचं म्हणाल तर थर काही जागी आधी का झिजतो याचं कारण रसायनात आहे. जुने फ्लोरिनयुक्त थर तेलही झटकायचे. पण त्यांतल्या लांब साखळीच्या रसायनांपासून तयार होणारं पीएफओए हे घातक रसायन 2019 मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे निसर्गात टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेलं, आणि ते थर मागे पडले हे चांगलंच झालं. आताचे मेण किंवा सिलिकोनचे थर पाणी अडवतात, कारण पाण्याचा पृष्ठताण (द्रवाला पसरू न देता थेंबात बांधून ठेवणारा ताण) 72 मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास असतो. तेलाचा त्याच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून अंगाचं तेल आणि सनस्क्रीन त्यांच्यावर पसरतं. त्यात सॅकच्या पट्ट्यांचं घर्षण. साहजिकच कॉलर आणि खांदे आधी हार मानतात. तेवढ्यासाठी अख्खं जॅकेट बुडवण्यापेक्षा तिथे स्प्रेचा जादा हात मारणं मला सोयीचं वाटतं.

काहीही निवडा, आधी जॅकेट अशा कापडांसाठीच्या खास क्लीनरनं धुवा. डिटर्जंटचा अंश राहिला तर तो पाणी ओढून घेतो, आणि फॅब्रिक सॉफ्टनर तर नकोच. लेबल परवानगी देत असेल तर वाळल्यावर वर सुती कापड ठेवून मंद इस्त्री फिरवा. शक्यतो हे काम मे महिन्यातच उरका, कारण जूननंतर जॅकेट धड वाळत नाही.