डब्यात डबा: कॅम्परच्या दारातली घरगुती पायरी, आठ महिन्यांनंतर

ट्रक कॅम्पर म्हटलं की लोक गादीबद्दल विचारतात, शेगडीबद्दल विचारतात, पाण्याची टाकी किती लिटरची ते विचारतात. आत चढता कसं, हे कोणी विचारत नाही. पिकअपच्या हौद्यात बसवलेली ही खोली, तिची फरशी जवळजवळ कमरेच्या उंचीवर, आणि मुक्कामाच्या ठिकाणी दिवसातून वीसेक वेळा तरी आत-बाहेर होतं. आधी दाराखाली लटकणारी, कात्रीसारखी उघडणारी तयार पायरी वापरली. पाय ठेवला की ती झुलायची, सांध्यांत चिखल गेला की मिटायची नाही. शेवटी वैतागून स्वतःच करायला घेतली.

रचना अगदी साधी आहे. 18 मिमी वॉटरप्रूफ प्लायची दोन स्टुलं, एक थोरलं आणि एक धाकटं. दारासमोर एकापुढे एक मांडायची, आणि निघताना धाकटं थोरल्याच्या पोटात सरकवायचं. थोरलं 45 सेंमी रुंद आणि 30 सेंमी खोल, धाकटं 40 बाय 27. दोन्ही मिळून वजन आठ किलोच्या आसपास. धाकटं आत गेल्यावरही वर वीतभर जागा उरते, तिथे चपला राहतात. ही सोय ठरवून केलेली नव्हती, पण आता घरात सगळ्यात जास्त कौतुक तिचंच होतं.

पहिली चूक टेपनेच झाली. गाडी रिकामी असताना माप घेतलं. फरशी 92 सेंमीवर, गाडीचा मागचा बंपर, जो तिसरी पायरी म्हणून वापरायचा होता, 69 वर, म्हणून स्टुलं 23 आणि 46 सेंमीची केली, म्हणजे चारही टप्पे सारखे. मग टाकी भरली, सिलिंडर आला, अंथरुणं आली आणि गाडीचा मागचा भाग 6 सेंमी खाली बसला. बंपर 63 वर आला. आता थोरल्यावरून बंपरवर जायला 17 सेंमी आणि तिथून फरशीला पुन्हा 23. कागदावर हे काहीच वाटत नाही. पण पाय पहिल्या दोन टप्प्यांवरून उंची शिकतो आणि तिसऱ्याला तेवढीच धरून चालतो. मी दोनदा ठेचकाळलो, एकदा हातात भरलेलं पातेलं होतं. अमेरिकेतल्या घरांच्या बांधकाम नियमांत एका जिन्याच्या सर्वात उंच आणि सर्वात बुटक्या टप्प्यात साधारण 9.5 मिमीपेक्षा जास्त फरक चालत नाही. त्यामागचं कारण त्या पातेल्याने मला समजावलं. स्टुलं कापून 21 आणि 42 ची केली. शेवटचा टप्पा अजून 23 चाच आहे, कारण बंपर आणि फरशी यांच्यातलं अंतर माझ्या हातात नाही. आणि हो, घरातला जिना साधारण 15 ते 19 सेंमीच्या टप्प्यांचा असतो, त्यामानाने हे सगळं चढंच आहे.

चढायला मात्र कसलीही पायरी चालते. खरी परीक्षा उतरताना. उतरताना पायाचा रेटा तिरका पडतो आणि गुळगुळीत काँक्रीटवर धाकटं स्टूल पुढे सटकायचं. दोघांमध्ये चार बोटांची फट पडली की नेमकी टाच तिच्यात. दोन उपाय केले. स्टुलांच्या पायांच्या तळाला जुन्या रबरी मॅटचे तुकडे डकवून वर स्क्रू मारले, डोकी रबरात खोल बसवून. आणि दोन्ही स्टुलं जोडायला दोन्ही बाजूंना पेटीला असते तशी ओढून बसणारी कडी लावली. त्या दिवसापासून फट नाही.

कडी लावल्यावर मला वाटलं, झालं काम. मग आई एका मुक्कामाला आली. एक पाय वर ठेवून थांबली आणि म्हणाली, "अरे, चढायला केलंस, धरायला काय केलंस?" दारालगत मूठ बसवायला गेलो तर कॅम्परची भिंत म्हणजे वरून पातळ पत्रा, नुसत्या पत्र्यात मारलेला स्क्रू माणसाच्या ओढीने उपटून येणार. आतल्या चौकटीची पट्टी ठोकून शोधली, आरपार बोल्ट घातले, आतून ॲल्युमिनियमची पट्टी दिली. आता आई मूठ धरून, तोंड दाराकडे ठेवून, शिडीवरून उतरावं तशी उतरते. मीही तसाच उतरतो, कारण बंपरवर फक्त अर्धं पाऊल मावतं.

पावसाळ्यात वेगळंच झालं. वरचे भाग मी तीन हात वॉर्निश देऊन चकाचक केले होते. तळाच्या कडा, ज्या रोज ओल्यात उभ्या राहणार, त्या मात्र कोऱ्याच. कुणाला दिसतात? प्लाय पाणी पितो तो कापलेल्या कडेनेच. कडा फुगल्या, त्यात चिखल, आणि दोन्ही स्टुलांमध्ये मी जेमतेम 3 मिमी जागा सोडलेली. एका सकाळी धाकटं आत जाऊन असं रुतलं की बाहेर काढताना त्याचा कोपराच निघाला. मग धाकट्याच्या बाजू रंधून प्रत्येकी 7 मिमी फट ठेवली आणि कडांना इपॉक्सी चोळलं. करणाऱ्याने हे आधी करावं.

घसरू नये म्हणून आधी खरखरीत पट्टी चिकटवली होती. चार महिन्यांत तिचे कोपरे उचलले गेले आणि ती मोज्यांना अडकू लागली. आता ओल्या वॉर्निशवर चाळलेली बारीक वाळू भुरभुरून वरून एक हात दिलाय. अनवाणी पायाला टोचतं, पण पाय सरकत नाही. प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरी पट्टी आहे, रात्री टॉर्चशिवायही दिसते.

उंचसखल जागी डुगडुगणं पूर्ण गेलेलं नाही. बाजूच्या फळ्यांची खालची कड मधून कमानीसारखी कापली, त्यामुळे मधल्या दगडावर स्टूल तरंगत नाही, चार कोपऱ्यांवरच टेकतं. तरी दोन पाचरी सोबत ठेवाव्याच लागतात. मऊ मातीत पाय रुततात, तिथे खाली प्लायचा एक तुकडा.

एकदा स्टुलं बाहेर तशीच ठेवून मी निघालो. वीस मिनिटांनी चप्पल शोधताना लक्षात आलं. परत गेलो तर दोघं मोकळ्या जागेत शांतपणे उभी, जणू दार येईल अशी वाट बघत. तेव्हापासून स्टुलं बाहेर मांडली की स्टिअरिंगला लाल फडकं बांधतो, आणि आत आली की पट्ट्याने करकचून आवळतो, कारण जोरात ब्रेक लागला की आठ किलोचं लाकूड दाराजवळ थांबून राहत नाही.

कडीची एक बाजू आता सैल झाली आहे. पुढच्या प्रवासाआधी तिथले स्क्रू काढून नटबोल्ट घालणार आहे.