जुन्या कोअर टू ड्युओवर ‘फिअर’: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी मशीन सांगतो, कारण बहुतेकांना तेच हवं असतं. इंटेल कोअर टू ड्युओ ई७५००, २.९३ गिगाहर्ट्झ, जी४१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी रॅम, विंडोज ७, १७ इंची चौकोनी मॉनिटर आणि जीटी ७१० चं २ जीबीचं बिनपंख्याचं कार्ड. हा पीसी मूळचा सिडकोतल्या आमच्या घरी बहिणीच्या टॅलीच्या कामासाठी आलेला. तिने लॅपटॉप घेतला आणि हा माझ्याकडे आला. कार्ड नंतर सेकंडहँड टाकलं. या मशीनवर मी पावसाळ्यापासून ‘फिअर’ हा भीतीचा शूटिंग गेम खेळतोय. मूळ गेम पूर्ण झाला आणि पुन्हा वरच्या डिफिकल्टीवर सुरू केला, इतका आवडला.

‘फिअर’ मोनोलिथ प्रॉडक्शन्सने ऑक्टोबर २००५ मध्ये आणला. तेव्हा किमान गरज होती १.७ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४, ५१२ एमबी रॅम आणि ६४ एमबीचं ग्राफिक्स कार्ड. म्हणजे आज ज्याला आपण डबडा म्हणतो तो कोअर टू ड्युओ या गेमसाठी चांगला तगडा आहे. घेताना एक लक्षात ठेवा: १ जानेवारी २०२४ पासून स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने विंडोज ७ चा सपोर्ट बंद केलाय. मी गॉग या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातली प्लॅटिनम आवृत्ती घेतली. तिचा इन्स्टॉलर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून पेनड्राइव्हने आणता येतो, आणि गेमचे नंतर आलेले दोन्ही विस्तार, म्हणजे जादा भाग, त्यातच मिळतात.

आता मुद्द्याचं. जुन्या मशीनवर भीतीचा गेम खेळायचा तर काय सोडायचं आणि काय अजिबात सोडायचं नाही, हे ठरवावं लागतं. माझं ठाम मत झालंय की ‘फिअर’मध्ये सावल्या आणि आवाज सोडायचे नाहीत. बाकी काहीही कापा.

कारण बघा. एखाद्या ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये छताला लटकता दिवा आहे. गोळी लागली की तो झोके घेतो, आणि त्याच्यासोबत भिंतीवरच्या सगळ्या सावल्या झुलायला लागतात. त्यात एक सावली खुर्चीची, एक कपाटाची आणि एक चालत येणाऱ्या माणसाची. सावल्या बंद केल्या तर तीच खोली नुसतं रिकामं ऑफिस होते. म्हणून मी सावल्या चालू ठेवून डिटेल मध्यमवर ठेवलं आणि ‘सॉफ्ट शॅडोज’ बंद केलं. सावलीच्या कडा मऊ करणारा हा पर्याय कार्डाला प्रचंड जड जातो, आणि तो चालू असताना अँटी-अलियासिंगही, म्हणजे चित्रातल्या दातेरी कडा गुळगुळीत करणं, नीट चालत नाही. माझ्या मते कडा धारदार असलेलीच सावली जास्त दचकवते. व्हॉल्युमेट्रिक लाइट (हवेत दिसणारे प्रकाशाचे झोत) कमीवर, अँटी-अलियासिंग बंद, रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८, टेक्स्चर (भिंती, वस्तूंवरचं चित्रण) पूर्ण. २ जीबी कार्डाला टेक्स्चरचा काही भार नाही.

सेटिंग बदलल्यावर अंदाजाने खेळू नका. गेममध्येच टेस्ट आहे. कॅमेरा खोल्यांमधून फिरतो, गोळीबार होतो, आणि शेवटी किती टक्के फ्रेम सेकंदाला २५ च्या खाली, किती २५ ते ४० मध्ये आणि किती ४० च्या वर गेल्या ते दाखवतो. सरासरीकडे बघू नका, पहिला आकडा बघा. तो शून्यावर आला की थांबा. खरा ताण स्लो-मोशनमध्ये पडतो: शॉटगनचा बार, भिंतीचा उडालेला चुरा, धूर, ठिणग्या, सगळं एकाच वेळी हवेत. तिथे फ्रेम तुटल्या तर भीतीही तुटते आणि नेमही.

आता सगळ्यात महत्त्वाची तांत्रिक गोष्ट. माझ्याकडे सुरुवातीला गेम लोण्यासारखा चालायचा आणि काही मिनिटांत हळूहळू बसत जायचा. कार्ड गार, प्रोसेसर मोकळा, तरी फ्रेम खाली. ही या गेमची जुनी, माहीत असलेली अडचण आहे. काही यूएसबी कीबोर्ड आणि माऊस विंडोजला एकाऐवजी अनेक एचआयडी (कीबोर्ड-माऊससारखी इनपुट देणारी) उपकरणं म्हणून दिसतात, आणि गेम त्यांच्याशी झटापट करत राहतो. जितका वेळ खेळाल तितकं वाईट होत जातं. उपाय दोन. एक, डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन मल्टिमीडिया बटणांसाठीची जादा एचआयडी नोंद डिसेबल करायची. दुसरा, चाहत्यांनी बनवलेली दुरुस्त ‘डीइनपुट८’ फाइल गेमच्या फोल्डरमध्ये टाकायची. मी दुसरा केला आणि त्या दिवसापासून तक्रार नाही. ‘माझा पीसी जुना आहे म्हणून अडकतो’ असं समजून कार्ड बदलायला निघाला असाल तर आधी हे करा, पैसे वाचतील.

शत्रूंविषयी कितीही लिहिलं तरी कमी. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो शेजारी बसून बघत होता. मी टेबलामागे दबा धरून बसलो होतो. समोरचा सैनिक ओरडला, दुसऱ्याने कपाट आडवं पाडून आडोसा केला, आणि तिसरा दिसेनासा झाला. भाचा एकदम म्हणाला, “मामा, मागे बघ, मागे!” तिसरा खरंच दुसऱ्या दाराने आला होता. नंतर त्यानेच यामागची गोष्ट शोधून काढली. शत्रूंच्या वागण्याचं हे काम मोनोलिथच्या जेफ ऑर्किन यांचं. त्यांनी २००६ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये ते मांडलं होतं. प्रत्येक सैनिकाला हालचालींची ठरावीक यादी न देता ध्येय दिलं जातं, आणि तिथे पोचायच्या पायऱ्या तो स्वतः जुळवतो. त्याहून गंमत म्हणजे घेरायची वेगळी योजना गेममध्ये नाहीच. आडोसा धोक्यात आला की सैनिक जवळचा दुसरा आडोसा गाठतो, आणि आपल्याला वाटतं घेरलं. त्यांची आपापसातली आरडाओरड हा भास पक्का करते. २००५ च्या प्रोसेसरवर चालेल असं हे लिहिलं होतं, आणि आजही इतके हुशार वाटणारे शत्रू मला फार कमी गेममध्ये दिसतात.

भीतीची जातही वेगळी. अंगावर धावून येणारे राक्षस जवळजवळ नाहीत. रेडिओ खरखरतो, टॉर्च फडफडतो आणि मग काहीच होत नाही. टॉर्चची बॅटरी थोड्याच वेळात संपते आणि भरायला वेळ घेते, ती नेमकी नको तिथे. एका ठिकाणी शिडीने खाली उतरायचंय. उतरण्यासाठी गेम तुम्हाला वळवतो, पाठ खाली आणि तोंड मागच्या वाटेकडे. पुढचं सांगत नाही. पण बनवणाऱ्यांनी किती विचार केलाय ते त्या एका वळण्यात कळतं.

म्हणूनच हेडफोन हवाच. साधा चालेल, पण कान पूर्ण झाकणारा घ्या. विंडोज ७ वर जुन्या साउंड कार्डांचे ईएएक्स परिणाम (खोलीप्रमाणे आवाज घुमवणारे) सरळ मिळत नाहीत, तरी स्टिरिओतही पावलं कुठून येतात ते कळतं. गणपतीच्या आधी आमच्याकडे संध्याकाळी ढोल पथकांचा सराव सुरू झाला की मी गेम बंदच ठेवायचो. नाशिक ढोलापुढे गेममधली हलकी कुजबुज ऐकू येणं शक्यच नाही, आणि ती न ऐकता खेळण्यात अर्थ नाही. थंडीत रात्री मात्र मजा आली, गल्ली शांत आणि कॅबिनेटही गार. उन्हाळ्यात बिनपंख्याचं कार्ड चांगलंच तापेल, तेव्हा बाजूची पत्र्याची झाकणी काढून टेबल फॅन लावायचं ठरवलंय. यूपीएस नसेल तर क्विकसेव्हची सवय लावून घ्या. आणि जमलं तर साधी एसएसडी बसवा. मेल्यावर लोडिंग लवकर होतं, त्यामुळे ताण टिकून राहतो.

उणिवा आहेत. ऑफिसं, गोदामं, पुन्हा ऑफिसं. मधल्या भागात कुठला मजला कोणता तेच कळेनासं होतं. शत्रूंचे प्रकारही मोजकेच. कथा बरीचशी आन्सरिंग मशीनवरच्या निरोपांतून आणि लॅपटॉपमधून कळते, घाईत पुढे गेलात तर कथेतली गूढ मुलगी आल्मा कोण हेच नीट समजणार नाही. रक्तपात भरपूर आहे, लहान मुलांसमोर लावू नका.

सध्या टाइमगेट स्टुडिओजने केलेला २००६ चा ‘एक्स्ट्रॅक्शन पॉइंट’ हा विस्तार चालू आहे. तो मूळ गेमपेक्षा जड वाटतो, मोकळ्या जागांमध्ये मला लाइट डिटेल आणखी एक पायरी खाली आणावं लागलं. सावल्या तशाच आहेत.