धंतोलीतील औषधचाचणी केंद्र : सेवा उत्तम, संमतीची प्रक्रिया कच्ची

नागपूरच्या धंतोली भागातील एका खासगी रुग्णालयाच्या संशोधन विभागात मधुमेहाच्या एका औषधाची चाचणी सुरू असून माझी आई तीत सहभागी आहे. रक्त घेणाऱ्या परिचारिकांचा हात हलका आहे, काटोलहून येण्याजाण्याचा खर्च त्याच दिवशी मिळतो आणि ताटकळत बसावे लागत नाही. या बाबतींत तक्रारीला जागा नाही.

संमती घेण्याच्या पद्धतीबद्दल मात्र तसे म्हणवत नाही. माहितीपत्रक मराठीत होते आणि समन्वयक ताईंनी ते सावकाश वाचूनही दाखवले : एका गटाला नवे औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि कोणाला काय मिळाले हे डॉक्टरांनाही ठाऊक नसणार. तरीही आई शेजारणींना सांगत होती, "डॉक्टरसाहेबांनी मला नवी भारी गोळी सुरू केली." यात तिचा दोष नाही. ज्या डॉक्टरांकडे ती वर्षानुवर्षे उपचार घेते, त्यांनीच चाचणीचा विषय काढला. मग ती नाही कशी म्हणणार? रुग्ण आणि डॉक्टर यांच्यात असे अवलंबित्व असेल, तर संमती त्या नात्याबाहेरच्या जाणकार व्यक्तीने घ्यावी, असे माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वे ठरवणारा आंतरराष्ट्रीय हेलसिंकी जाहीरनामा सांगतो. येथे समन्वयक ताई वाचून दाखवत असताना तेच डॉक्टर समोरच्या खुर्चीत बसले होते.

आईला वाचता येत नसल्याने निःपक्ष साक्षीदार आवश्यक होता. त्या जागी सही करायला स्वागतकक्षातील मुलीला बोलावण्यात आले. ती त्याच विभागाची पगारी कर्मचारी, शिवाय वाचन संपल्यावर आलेली! मी हरकत घेतल्यावर मात्र कोणीही वाद घातला नाही. आमच्या नात्यातील एका काकांना बोलावून सगळे वाचन पुन्हा पहिल्यापासून करण्यात आले. हे त्यांच्या बाजूने नोंदवायलाच हवे.

चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई मिळण्याची तरतूद औषधचाचण्यांबाबतच्या 2019 च्या केंद्रीय नियमांत आहे. माहितीपत्रकात ती स्पष्ट लिहिलेली होती आणि कारण न देता केव्हाही बाहेर पडण्याची मुभाही होती. त्यावर नैतिकता समितीच्या, म्हणजे चाचणीला मंजुरी देऊन सहभागींच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या समितीच्या, सचिवांचा दूरध्वनी क्रमांकही होता. अशा समितीत किमान सात सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो आणि एक सदस्य वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा सामान्य माणूस असतो. मी मुद्दाम फोन करून पाहिला. तो उचलला गेला आणि साक्षीदाराबाबतची माझी तक्रार लिहून घेण्यात आली. इतकी तत्परता मला अपेक्षित नव्हती, हे खरे.

या केंद्रात जाणाऱ्यांनी चाचणीचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. 2009 पासून ही नोंदणी सक्तीची असून राष्ट्रीय नोंदवहीच्या संकेतस्थळावर ती कोणालाही पाहता येते. संमतीपत्र सहीपूर्वी घरी नेऊ देणार का, हेही पहिल्याच भेटीत विचारावे. आम्हाला ते मागितल्यावरच मिळाले.