‘ड्रायव्हर बसवून देतो’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा

सोलापुरातल्या चाटी गल्लीतल्या आमच्या दुकानातून एमआयडीसीतल्या कारखान्याच्या सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे तिथला कॉम्प्युटर इथूनच चालवून, बिलं बनतात. दुकानात नवा प्रिंटर घेतला आणि सर्व्हरवर तो दिसेचना. दुकानाच्या कॉम्प्युटरवरून साधं पत्र छापलं जायचं, सर्व्हरवरचं बिल नाही. टॉवेलची गाडी भरून उभी, गाडीवाला कावलेला. दिवाणजींनी गूगलवर प्रिंटर कंपनीचा हेल्पलाइन नंबर शोधला आणि सगळ्यात वर आलेल्या जाहिरातीतल्या नंबरवर फोन लावला.

समोरचा अगदी अदबीनं बोलणारा. त्यानं स्क्रीन बघायचं ॲप टाकायला लावलं आणि सर्व्हरवरचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला. लाल खुणांची रांग दाखवून म्हणाला, "अंकल, सर्वर में वायरस है, इसीलिए ड्रायवर नहीं बैठ रहा." ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर. ही चलाखी नीट ओळखून ठेवा. असल्या लाल नोंदी धडधाकट विंडोजमध्येही असतातच. गंमत म्हणजे त्यातच आमच्या दुखण्याचं निदान होतं: ११११ क्रमांकाची नोंद, म्हणजे या प्रिंटरचा ड्रायव्हर सर्व्हरवर सापडत नाही. भामट्यानं तीच दाखवून घाबरवलं.

मग 'लायसन्स'ची किरकोळ रक्कम नेटबँकिंगनं भरायला सांगितली. स्क्रीन काळी झाली, "अपडेट चालू है, हाथ मत लगाना." ओटीपी त्यानं 'ड्रायव्हरचा कोड' म्हणून विचारून घेतला. मेसेजमध्ये खरी रक्कम लिहिलेली होती, पण गाडीवाला डोक्यावर उभा असताना ती कोण वाचतंय! सुतासाठी ठेवलेले पैसे करंट खात्यातून गेले.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केल्यावर थोडी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली गेली. बाकीचं बँकेनं झटकलं, ओटीपी तुम्हीच दिलात म्हणून. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे अशा वेळी बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, त्यानंतरचं बँकेचं. तेव्हा १९३० बरोबर बँकेलाही लगेच कळवा.

खरा उपाय फुकटचा निघाला. कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरून तोच ड्रायव्हर सर्व्हरवर टाकला, प्रिंट स्पूलर (छपाईची कामं सांभाळणारी विंडोजची सेवा) पुन्हा चालू केला, बिल निघालं. तुमच्याकडे असं झालं तर आधी रिमोट डेस्कटॉप कनेक्शनच्या लोकल रिसोर्सेसमध्ये 'प्रिंटर्स'वर टिक आहे का बघा. पुष्कळदा तेवढ्यावरच भागतं.

आणि फसलाच असाल तर इंटरनेट तोडा, ते ॲप काढा, पासवर्ड बदला. सर्व्हरचेसुद्धा. रिमोट डेस्कटॉपचं सेशन उघडं असल्यामुळे त्याचा हात दुकानाच्या कॉम्प्युटरवरून थेट कारखान्याच्या हिशेबापर्यंत पोचत होता.